होडीचा हात

घानात, केप कोस्टच्या अलीकडच्या किनाऱ्यावर मान्साची होडी आहे. मासळीला धुरी देऊन आणि बाजारात घसा फोडून तिने ती उभी केली. होडीत मात्र तिने अजून पाऊल ठेवलेलं नाही. बाई होडीत चढली की दर्या रुसतो म्हणे. बाईच्या पैशाने होडी घेतली तर त्याची काही हरकत नसते.

मंगळवारी कुणी दर्यावर जात नाही. त्या दिवशी कोळ्यांचे मुखिया, ज्यांना सगळे नाना म्हणतात, होडीमालकांची सभा भरवतात. तिथेही बाई चालत नाही, म्हणून मान्साच्या होडीतर्फे तिचा धाकटा भाऊ एबो बसायचा. बसायचा म्हणजे झोपायचा. एका मंगळवारी शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. सगळ्यांचे हात वर होते, म्हणून यानेही केला.

घरी येऊन केंकीचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा, गोळा मिरचीच्या वाटणात बुडवत त्याने बातमी दिली, "किनाऱ्यावरच्या धुरीच्या भट्ट्या काढायचं ठरलंय. तिथं हॉटेल येतंय."

"कुणाच्या भट्ट्या?"

"बायकांच्या." मग त्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे... तुझी पण, ताई."

मान्साने त्याला एकही शिवी दिली नाही. एबोला त्याचीच जास्त धास्ती वाटली. भट्टीपाशी जाऊन ती पोटभर रडली आणि कुणी विचारलं तर धूर लागला म्हणाली. भट्टी गेली तर मासळी सडणार, आणि मासळीमागोमाग होडीही जाणार, हे तिला कुणी समजावायला नको होतं.

पुढच्या मंगळवारी ती सरळ सभेत जाऊन उभी राहिली.

"मान्सा, इथं बायका बसत नाहीत," नाना म्हणाले.

"मी कुठं बसलेय, नाना? गेल्या खेपेला माझ्या होडीनं हात वर केला होता. तो खाली घ्यायला आलेय."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेवढ्यात मागून दुसरी बाई आली, "माझ्याही होडीचा." मग तिसरी, चौथी. त्यांचे नवरे आपापल्या पायांची नखं न्याहाळू लागले. गावातल्या निम्म्याहून जास्त होड्या बायकांच्या आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तसं बोलायची पद्धत नव्हती.

नानांनी दाढी खाजवत उभ्या बायका मोजल्या.

"हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवा. आणि होडी जिची, जागा तिची. एबो, ऊठ."

एबो उठला. "मग मी कुठं जाऊ?"

"भट्टीपाशी," मान्सा त्याच्या जागी बसत म्हणाली. "मासे उलटायचेत. करपवलेस तर बघ."