माउस बाजूला ठेवायला शिकवणाऱ्या अक्का

श्रीमती सुमित्रा मोहिते यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बंगळुरातल्या इंदिरानगरमधल्या एका भाड्याच्या घरात. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता आणि त्या घराच्या दिवाणखान्यात एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी थाटलेली होती. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेलो. स्वतःच्या हुशारीबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मुलाखतीत मी दहा मिनिटं अखंड बोललो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाल्या, "सरी. आता स्वल्प थांब, आणि मी काय विचारले ते सांग की." बंगळुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरातलं ते कन्नड शब्द मिसळलेलं मराठी ऐकून मला हसू आलं. उत्तर मात्र आलं नाही. तरीही त्यांनी मला कामावर घेतलं. कचेरीत सगळे त्यांना अक्का म्हणत. आठवड्याभरात मीही म्हणू लागलो.

एकट्या मुलाला कोणी घर देईना, तेव्हा अक्का स्वतः माझ्याबरोबर आल्या. घरमालकांना कन्नडमध्ये म्हणाल्या, "हा आमच्या घरचा मुलगा. काही तक्रार असेल तर मला सांगा." घरमालकांनी ते फारच मनावर घेतलं. माझे पाहुणे, माझा रेडिओ, माझी वाळत घातलेली चादर, सगळ्याची तक्रार पुढची दोन वर्षं अक्कांकडे जात असे, आणि त्या ती ऐकून घेत.

पण अक्कांचं मोठेपण मला कळलं ते एका वेगळ्याच प्रसंगात. आमची कंपनी डेटाबेस सांभाळण्याचं एक साधन बनवत असे. पडद्याच्या डाव्या बाजूला फांद्यांसारखी उघडत जाणारी यादी होती. तिला आम्ही ट्री म्हणत असू. फांदी उघडली की आतली टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, दिसत; एखादं टेबल निवडलं की उजवीकडे त्याचं नाव आणि नोंदी येत. ही सगळी यादी मी लिहिली होती आणि तिचा मला भारी अभिमान होता.

हेब्बाळच्या एका बियाणे कंपनीत नागरत्ना नावाच्या ऑपरेटर बाई हे साधन वापरत. एके दिवशी त्यांनी एक जुनं, निरुपयोगी टेबल पुसायला घेतलं आणि पुसलं गेलं चालू हंगामातल्या उगवण-चाचण्यांचं. बॅकअपमधून बरंचसं परत मिळालं, पण मधल्या काही आठवड्यांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. नागरत्नाबाई रडत सांगत होत्या की यादीतल्या नावावर दिसणारी निळी पट्टी त्या जुन्या टेबलावरच होती. कोणी ऐकेना. त्यांना कामावरून काढायचं जवळजवळ ठरलं होतं. फक्त आमच्या अहवालाची वाट बघत होते.

मी कचेरीत बसून तीच कृती वीसेक वेळा केली. एकदाही काही बिघडेना. मोठ्या ऐटीत अहवाल लिहिला: वापरणाऱ्याची चूक. बाहेर जाणारं सगळं काम तपासणाऱ्या अक्कांनी तो वाचला आणि सही न करता परत दिला.

"त्या बाईंचे हात बघितलेस काय तू?"

हात काय बघायचे, असं म्हणून मी मनातल्या मनात चरफडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बसने हेब्बाळला गेलो.

अक्कांची एक पद्धत होती. वापरणाऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसायचं, आपले हात मांडीवर ठेवायचे आणि काहीही सांगायचं नाही. नागरत्नाबाईंनी माउस धरला आणि प्रशिक्षणात शिकवलेलं जसंच्या तसं करून दाखवलं. सगळं बरोबर. मागे उभे असलेले बियाणे कंपनीचे मॅनेजर माझ्याकडे बघून मान डोलवू लागले. अक्कांचं लक्ष मात्र माउसवरून नुकत्याच काढलेल्या कापडी आवरणाकडे होतं.

"हे रोज काढता?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

नागरत्नाबाई ओशाळल्या. "नाही अक्का. साहेब लोक आले की काढते. मी टायपिंग क्लासमध्ये शिकलेली. मला कीबोर्डच बरा पडतो."

"मग आम्ही आलोच नाही असं समजा."

त्यांनी माउस बाजूला सारला आणि बोटं चालू लागली. खालच्या बाणाची कळ दाबताच निळी पट्टी सरसर खाली गेली. उजवीकडचं टेबलाचं नाव मात्र जागचं हललं नाही. माउसने क्लिक केलं तरच निवड बदलत होती. बाणाच्या कळेने नुसती पट्टी हलत होती आणि साधन आधी उघडलेलंच टेबल, त्या दिवशी चालू हंगामातलं, धरून बसत होतं. शिवाय पुसण्याआधी ते "पुसायचं का?" एवढंच विचारी, टेबलाचं नाव दाखवायचे कष्ट मी घेतले नव्हते. आमच्या कचेरीत सगळेच माउस वापरणारे, म्हणून ही चूक कोणाला दिसलीच नव्हती.

"हे कोणी लिहिलंय?" मॅनेजरनी विचारलं.

माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी माउसचं कापडी आवरण उचलून त्याची घडी घालू लागलो.

"तपासून मी पाठवलं," अक्का म्हणाल्या. "चूक माझी आहे. ह्या बाईंची नाही." कागद मागून घेऊन त्यांनी तिथेच तसं लिहिलं आणि खाली सही केली. आमच्या संचालकांनी नंतर त्यांना चांगलंच धारेवर धरलं. अक्का एवढंच म्हणाल्या, "गिऱ्हाईक आपल्याला दुसरं मिळेल. त्या बाईंना ह्या वयात दुसरी नोकरी कोण देणार?" नागरत्नाबाईंची नोकरी राहिली.

मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. "बस, दुरुस्त कर," इतकंच. नंतर मात्र नियम झाला: नवी आवृत्ती बाहेर जाण्याआधी ज्याने ती लिहिली त्याने अख्खा दिवस माउस कपाटात ठेवून ती वापरायची. अक्कांच्या हाताखाली तयार झालेले कितीतरी जण आज इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि अजून हा नियम पाळतात. आपण अक्कांचे शिष्य, हे आम्ही सगळेच अभिमानाने सांगतो.

एक गोष्ट मात्र मी कुठेच सांगितलेली नाही. नागरत्नाबाई दर संक्रांतीला अक्कांकडे येतात. एकदा माझ्यासमोरच त्या कौतुकाने म्हणाल्या, "अक्कांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, पण काय धैर्याने कबूल केली!" अक्का हसल्या आणि त्यांना आणखी तीळ-गूळ वाढू लागल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी गप्प बसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

नागरत्नाबाईंना मराठी वाचता येत नाही. म्हणून अक्कांच्या अमृतमहोत्सवी सत्काराच्या समारंभाआधी मी त्यांच्या घरी जाणार आहे आणि हा लेख त्यांना कन्नडमध्ये वाचून दाखवणार आहे. अक्का, तुम्हाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. इतकी वर्षं माझी चूक तुम्ही स्वतःच्या नावावर सांभाळलीत. आता ती मला परत द्या, आणि पुढची पुष्कळ वर्षं ठणठणीत तब्येतीने, आनंदात जगा.