मागच्या खुर्च्या

लाकडी जमिनीवर खुर्ची मागे सरकते तेव्हाचा तो खरखरीत, दात शिवशिवणारा आवाज ऐकला की अजूनही मी बोलता बोलता थांबतो. एके काळी तोच आवाज माझं शस्त्र होता! निधीच्या वाटाघाटी अडल्या की मी खुर्ची मागे सारून उभा राहायचो आणि समोरचे सरकारी साहेब गडबडीने म्हणायचे, "बसा, बसा, बोलू आपण." हेन्डरसन या उपनगरातलं आमचं छोटं सामुदायिक महाविद्यालय मी असंच उभं केलं. वेल्डिंगची कार्यशाळा, वृद्धसेवेचा अभ्यासक्रम, नव्याने देशात आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग. तिथली एकेक खोली मी भांडून मिळवली आहे. मिरजेहून या देशात आलो तेव्हा मी वेल्डिंग शिकवणारा बदली शिक्षक होतो. प्राचार्य झालो तो कुणाच्या कृपेने नव्हे. आजही शेजारच्या अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी मी निघून जाण्याचं नाटक करतो, आणि माझी बायको सुनीता ओळख नसल्यासारखी पुढे चालू लागते.

या हिवाळ्यात आमचं महाविद्यालय शहरातल्या मोठ्या संस्थेत विलीन झालं. प्रमुखपद तिथल्या माणसाला मिळालं. मला उपप्रमुख केलं. ज्याने झाड लावलं, त्याने सावलीत बसायची परवानगी मागायची! हा सल मनात घेऊनच मला त्या संस्थेत पाऊल ठेवायचं होतं.

इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, रीतीप्रमाणे नव्या ठिकाणी माणूस एकटा जात नाही. त्याची माणसं त्याला घेऊन जातात. यजमान बोलतात, मग पाहुण्यांपैकी एक जण उठून उत्तर देतो. त्याचं बोलणं संपलं, की त्याची माणसं उठून त्याच्या पाठीशी उभी राहतात आणि गातात. ते गाणं म्हणजे त्याच्या शब्दांना दिलेली संमती. गाणं नसेल तर भाषण उघडं पडतं, आणि भाषण करणाराही.

पाहुण्यांच्या वतीने बोलायचं माझ्या वाट्याला आलं होतं. मी आरोहाबाईंना गाठलं. त्या आमच्याकडे माओरी शिकवतात आणि गाण्याला सुरुवात त्याच करणार होत्या. म्हटलं, कोण कोण उभं राहणार ते आधी ठरवून टाकू. त्या म्हणाल्या, "हे ठरवत नाहीत. ज्यांना वाटतं ते उठतात." "आणि कुणालाच वाटलं नाही तर?" चहा ढवळत त्या म्हणाल्या, "मग तू एकटा उभा राहशील. फार वेळ उभा आहेस असं वाटेल तुला." मी शेवटचा डाव टाकला: गाणं स्पीकरवर लावलं तर? बाई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. "अरे, मग भाषण करायलाही स्पीकरच पाठव ना!"

घरी सुनीता म्हणाली, "अहो, जन्मभर आपल्या शिक्षकांवर ओरडलात, आणि आता ते गातील का म्हणून झोप उडालीय होय?" मी ओरडलो, खरं आहे. वेल्डिंग शिकवणाऱ्या सिओनेला तर मी भर वर्गात झापलं होतं. पण बंद दारांआड त्याच कार्यशाळेसाठी मी साहेबांवर दुप्पट ओरडलो, ते कुणी ऐकलं? ज्यांच्यासाठी भांडावं, त्यांच्या ध्यानात आपला फक्त आवाजच राहतो! आणि भीती तरी कशी, पाहा: भाव पाडता येत नाही, मुदत मागता येत नाही, उठून जायची धमकी देता येत नाही. उठायचं तर दुसऱ्यांनी होतं!

त्या दिवशी ओलसर, हाडात शिरणारा वारा होता. सभागृहात मी पहिल्या रांगेत, माझी माणसं माझ्या मागे. आरोहाबाईंनी बजावलं होतं, "बोलून झाल्यावर मागे बघू नकोस. भिकाऱ्यासारखं दिसतं." नव्या प्रमुखांना झोंबेल असं भाषण मी घोकून आलो होतो. उभा राहिलो. घोकलेलं एकही वाक्य आठवेना. शेवटी एवढंच बोललो: "ही माझी माणसं. यांना नीट सांभाळा. नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

मी उभाच राहिलो. समोरची अनोळखी माणसं माझ्या खांद्यांवरून पलीकडे पाहत होती. काय दिसत होतं त्यांना? भरलेल्या खुर्च्या, खाली घातलेल्या माना? आरोहाबाईही उठल्या नव्हत्या की काय?

आणि खुर्ची सरकली. एक. मग थोडी थांबून दुसरी, आणि मग कार्यशाळेत पत्रे ओढावेत तसा सगळ्या जमिनीभर खरखराट! आरोहाबाईंचा स्वर चढला, आणि माझ्या उजव्या कानाशी, अगदी जवळून, सिओनेचा घोगरा, बेसूर आवाज त्यात मिसळला.

माझा सल गेलेला नाही. प्रमुखांशी रोज खटके उडतातच. पण हल्ली बैठकीत मी खुर्ची मागे सारत नाही. भांडून घेतलेलं कुणी हिरावलं तर पुन्हा भांडता येतं. हे मात्र न मागता मिळालं. ते कोणत्या अटीवर मिळालं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मागे कुठे खुर्ची सरकली, की अजूनही बोलता बोलता थांबतो: कोण उठलं, माझ्या पाठीशी उभं राहायला, की निघून जायला? आणि तरीही मी मागे वळून पाहत नाही.