गेमच्या कॉम्प्युटरले मी कव्हर शिवलं

ताईंनो, घाईतच लिहून राहिली.

परीच्या पप्पाजवळ गेम खेळायचा हातातला कॉम्प्युटर हाय. त्याले स्टँड, कीबोर्ड आन् टीव्ही जोडून त्यांनी घरचा कॉम्प्युटरच बनवला. मागे मेमरीबी वाढवून आणली. चार्जर दिवसभर लागूनच राहते.

आमच्या रिसालीत स्टील प्लांटची काळी धूळ बसते, म्हणून मी फ्रिज, मिक्सर सगळ्याइले कव्हर घालते. त्यालेबी जुन्या दुपट्ट्याचं शिवलं, डबल कपड्याचं. चालू असला तरी झाकूनच ठेवत होती.

आज दुपारी पाहते तं परी तो मांडीवर घेऊन बसलेली. म्हणे, "मम्मी, याचं पोट फुगलं." मागचं झाकण खरंच उचललं होतं, आन् तव्यासारखं गरम.

पोरीले दूर ओढलं. चार्जर काढला, टॉवेलात धरून त्याले आंगणात रेतीच्या घमेल्यात ठेवलं.

शेजारच्या काकू म्हणे, "अवं, बॅटरी फुगली ते. धूळ गेली असती तं पुसता आली असती. तू तं त्याले हवाच लागू नाही दिली."

हे ड्यूटीवर हायेत, फोन उचलून नाही राहिले. मेमरी वाढवणाऱ्या दुकानवाल्याले फोन केला, तो म्हणते, घेऊन या. पण स्कूटीवर परी माझ्या समोर उभी राहते. रस्त्यात पेटलं तं?

कोणी असं फुगलेलं सामान नेलं असन तं सांगा, कसं नेलं? तोवर मी दरवाजा लावून, पोरीले कडेवर घेऊन, खिडकीतून त्या घमेल्याकडे पाहून राहिली.