फिलूबायचा शिक्षेतला संत

फिलूबायच्या ओटीवरून आत गेलं की समोर एक फळी दिसायची. फळीवर मधोमध माऊलीची, येशूच्या आईची मूर्ती, तिच्या एका बाजूला येशूची तसबीर, दुसऱ्या बाजूला मेणबत्त्या, आणि अगदी टोकाला एक हातभर उंचीचा संत, भिंतीकडे तोंड करून उभा. तपकिरी झगा, मागचं टक्कल आणि कमरेची दोरी, एवढंच काय ते दिसायचं. आम्ही तिच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली त्या दिवशी मी पाणी मागायला पुढे गेले. मला वाटलं, झाडताना फिरला असेल बिचारा. सरळ करावा म्हणून हात पुढे केला.

“हात नको लावू त्याला!” ती चुलीपासून ओरडली. “शिक्षा हाय त्याला.”

“कसली शिक्षा?”

“सांत आंतोन हाय तो. हरवलेलं शोधून देतो म्हनतात. माझी पोर आनून देत नाय तवर भिंत बघंल.” मग लोटा माझ्या हातात देत म्हणाली, “सोताच्या कडेवर पोर घेऊन उभा हाय मेला, आनि मना म्हनतो थांब!”

मी नंतर हळूच बाजूनं वाकून पाहिलं. खरंच, संताच्या कडेवर बाळ येशू होता. मला त्या दिवशी हसू आलं होतं. आता त्या मूर्तीची आठवण झाली की हसू येत नाही, डोकं तापतं.

ही त्रेपन्न सालची गोष्ट. अंधेरी स्टेशनहून मरोळकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक लहानसं गावठाण होतं. वस्ती सगळी जुन्या ख्रिस्ती कुटुंबांची, भातशेती आणि वांग्यांचे मळे करणारी, घरात मराठीच बोलणारी. आम्ही मालवणकडचे, मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत नुकतीच लागलेली. फिलूबाय मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तरीन’ म्हणायची. लाल चौकड्यांचं लुगडं गुडघ्याशी आवळून ती मळ्यात उभी राहिली की तिचा आवाज थेट रस्त्यापर्यंत जायचा. नवरा पास्कू एका कारखान्यात सुतार होता. तो दिवसाकाठी जेवढं बोलायचा तेवढं ती एका श्वासात बोलायची. प्रार्थनेतही तेच. तो डोळे मिटून ओठ हलवायचा आणि ही देवाला हिशेब विचारायची. मी एकदा म्हटलं, “फिलूबाय, देवाशी असं बोलतात का?” तर म्हणाली, “देवाला घाबरतात ते चोर. मी काय चोरलंय त्याचं?”

तिला मूल नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की गावातल्या बायकांनी विचारायचंही सोडलं होतं. आम्ही राहायला येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात गोव्यात तिथल्या मोठ्या संताचं शव दर्शनाला ठेवलं होतं. नवराबायको बोटीनं गेली. तिथे बायकांची उतरायची सोय एका मठात होती, आणि मठातच अनाथ मुलींचं घर. काही दिवसांपूर्वी कुणी एक तीनेक वर्षांची पोर दारात आणून सोडली होती. आई तापात गेलेली, बाप कोण ते ठाऊक नाही. ती पोर कुणाकडे जाईना, जेवेना. फिलूबाय जेवायला बसली तशी ती येऊन तिच्या लुगड्याचा पदर धरून बसली आणि तिच्या ताटातलं पेजेचं भांडं तोंडाला लावलं. झालं.

“मी संताकडं पोर मागाया गेलते,” फिलूबाय सांगायची, “आनि पोर येऊन माझ्या ताटात जेवली. आजून काय चिठी पाठवायची व्हती देवानं?”

पोरीचा बाप्तिस्मा झालाय की नाही, ते कुणाला माहीत नव्हतं. मठातल्या सिस्टरांनी पाणी घालायचं ठरवलं. मादरिन, म्हणजे धर्माची आई म्हणून उभी राहायला कुणीतरी बाई हवी होती. फिलूबाय उडी मारूनच उभी राहिली. पोरीला तिनं हातावर घेतलं, नाव तिनंच ठेवलं, लुर्दीन. तिला वाटलं, देवासमोर नातं जडलं, आता अर्धं काम झालं. आनंदाच्या भरात केलेली एवढी एकच चूक, आणि ती चूक होती असं मी अजूनही मानत नाही.

तिथून ती परत आली ती पोरीला आणायचंच ठरवून. पण गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावरून तिकडचे डोंगर दिसतात, पण ती पोर परदेशी. त्यात ख्रिस्ती माणसाला दत्तक घ्यायचा कायदाच नाही. कोर्टातून फार तर पालक होता येतं, असं वकिलानं पास्कूला सांगितलं. पास्कू एक शब्दही न बोलता त्या कामाला लागला. वर्षभर तो कामावरून सुटला की त्या वकिलाच्या जिन्यावर बसलेला असायचा. आणि ते झालंसुद्धा! राहिलं होतं फक्त एक. हे घर चांगलं कॅथलिक घर आहे, अशी गावच्या चर्चच्या फादरची चिठ्ठी मठाला हवी होती.

इथे त्या मादरिन होण्यानं दगा दिला. दगा दिला म्हणजे काय, फादरनं द्यायला लावला. बाप्तिस्म्याला मुलाची आई स्वतः मादरिन होऊ शकत नाही, असा त्यांच्यात नियम आहे. फादरनं तो उलटा लावला. “तू तिची मादरिन आहेस फिलोमिना. आता आई कशी होशील? वर, बिशपांना विचारावं लागेल.” गावातल्या बायकांनाही ते पटलं. मादरिननं आई व्हायचं म्हणजे नात्यात गुंता, पोरीला पाप लागेल. पाप म्हणे! ज्या पोरीला कुणी नव्हतं तिला दोन आया मिळत होत्या, तर यांना पाप दिसलं.

“मग विचारा ना वर,” फिलूबाय म्हणाली. “पन लौकर विचारा. पोर वाढते.”

फादर माणूस वाईट नव्हता. हेच तर मला सहन होत नाही. तो आजाऱ्याच्या घरी चालत जायचा, गरिबाच्या पोरांना पुस्तकं द्यायचा. पण कुठलीही गोष्ट आज करायची तर त्याच्या जिवावर यायचं. नाताळ होऊ दे म्हणाला. मग उपासाचे दिवस आले. मग ईस्टर. मग मे महिन्यात गावोगावच्या क्रुसांपुढे रोज संध्याकाळी प्रार्थना असते, त्यात तो गुंतला. फिलूबाय दर रविवारी मिस्साची उपासना सुटली की देवळाच्या दारात उभी राहायची. ही माणसं चर्चला देऊळच म्हणतात. “विचारलं का फादर?” “विचारतो.” असं वर्षाच्या वर गेलं.

त्या मे महिन्यात मी तिला मसाला करताना पाहिलं. मिरच्या अंगणात वाळत घातलेल्या, उखळाभोवती बायका, ओळीनं धुतलेल्या बाटल्या. वर्षाचा मसाला बाटल्यांत ठासून भरायची त्यांची रीत. सगळ्या बाटल्या भरून झाल्यावर तिनं एक बाटली वेगळी भरली, कमी मिरच्यांची, आणि तिच्या गळ्याला पांढरी चिंधी बांधली.

“ही कुणाला?”

“लुर्दीनला. आपला मसाला झोंबंल ना पोरीला.”

ती बाटली वर्षभर तशीच राहायची. पुढच्या मेमध्ये ती आमच्या घरी यायची आणि चिंधी नव्या बाटलीला बांधली जायची. आम्ही मालवणी माणसं, आम्हाला तो मसाला अगदीच सपक लागायचा. पण मी तो टाकला कधी नाही.

पंचावन्नच्या जुलैत वरून उत्तर आलं. मादरिन असल्यानं काहीही अडत नाही, म्हणे. दोन ओळींचं उत्तर. फादरनं चिठ्ठी लिहून दिली, हसून फिलूबायच्या डोक्यावर हातही ठेवला. पण पावसाळ्यात बोटी बंद, आणि रेल्वेच्या वाटेवर तोवर अडवाअडवी सुरू झालेली. पास्कूनं बोटी सुटायच्या दिवसांत रजा सांगून ठेवली. ऑगस्टमध्ये पोर्तुगीजांनी गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि आपल्या सरकारनं हद्द बंद केली. बोटी सुटल्याच नाहीत.

आमच्या घरात त्या दिवसांत गोव्याशिवाय दुसरा विषय नसे. माझे यजमान मोर्चाला जायचे, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे. एका रविवारी ते असेच घाम पुसत आले तर फिलूबाय ओटीवर उभी.

“भाऊ, गोवा आपलाच हाय ना?”

“आपलाच! शंका आहे का फिलूबाय?”

“मंग माझी पोर परदेशी कशी?”

हे घाम पुसायचे थांबले.

“आपलाच हाय म्हनता आनि दार तुमीच लावता. त्यो पोर्तुगीज एका अंगानं, तुमी दुसऱ्या अंगानं. मधी माझी पोर. मोर्चा नेशील तवा एक काम कर, येताना तिला कडेवर घेऊन ये. नायतर बोंबलू नको माझ्या दारात.”

यजमान खोलीत येऊन बसले. मोर्चे चुकीचे होते असं मी म्हणत नाही. माणसं मेली होती तिथे. पण आमच्याजवळ भाषणं होती आणि तिच्याजवळ चिंधी बांधलेली बाटली, आणि भाषणातून त्या बाटलीला उत्तर सापडत नव्हतं.

पुढे दीड-दोन वर्षांनी गावातला एकजण परदेशी बोटीवर खानसामा होता, तो निरोप घेऊन आला. मठात मुलींची संख्या वाढली होती, बाहेरून मदत येत नव्हती. एक पोर्तुगीज अंमलदार बायकोसह मायदेशी परत चालला होता. त्यांनी लुर्दीनला नेलं. लिस्बनला.

त्या रविवारी मी फिलूबायबरोबर देवळात गेले. तिला एकटं सोडायची भीती वाटत होती. मिस्सा संपल्यावर फादर दारात आला आणि तिचे हात हातात घेऊन म्हणाला, “फिलोमिना, मी ऐकलं. देवाची मर्जी. पोरगी चांगल्या घरी गेली, याचा आनंद मान.”

तिनं हात सोडवून घेतले. सगळं गाव उभं होतं.

“फादर, पोर चांगल्या घरी ऱ्हाऊ दे, ते मी रोज मागते. पन तुमचा उशीर देवाच्या माथी नका मारू. देवानं पोर माझ्या ताटात बसवली व्हती. चिठी तुमच्या खिशात व्हती.”

कुणीतरी तिला गप्प करायला पुढे आलं. “मी देवळात उभी हाय,” ती म्हणाली, “खरं हितं नाय बोलायचं तर कुठं बोलायचं?” आणि चालू लागली.

मला वाटलं, आता ही परत देवळाची पायरी चढणार नाही. मी तिच्या जागी असते तर चढले नसते. पुढच्या रविवारी पाहते तर लुगडं बदलून, डोक्यावरून पदर घेऊन निघालेली. मला रागच आला. म्हटलं, “पुन्हा तिथेच?” तर म्हणाली, “घरात भांडन झालं म्हनून कुनी घर सोडून जातं काय गं मास्तरीन? भांडायला तरी घरात ऱ्हावं लागतं.”

पण खरा भडका उडाला तो वेगळ्याच गोष्टीनं. पास्कूनं एकदा सहज, तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं, की लिस्बन म्हणजे सांत आंतोनचंच जन्मगाव. तो आपल्या गावात पोरीची काळजी घेईल. गरीब माणूस, त्याला काय ठाऊक आपण काय बोललो! फिलूबाय हातातली कोयती टाकून उठली आणि फळीपुढे जाऊन उभी राहिली.

“सोताच्या गावाला नेलीस?” त्या पाठमोऱ्या संतावर ती ओरडली. “मी तुला शोधून आन म्हनलं, आनि तू सोताच्या गावाला नेलीस? घरभेदी!” मग तिथेच खाली बसून रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच. उठली ती डोळे पुसून, आणि मूर्ती आणखी भिंतीला सरकवली. संताचं नाक टेकलं असेल.

लोक म्हणायचे, आता काय उपयोग, पोर गेली, आता तरी त्याला सरळ कर. ती म्हणायची, “आता तर त्याला लय सोपं हाय. गल्ली न गल्ली ठाव हाय त्याला तिथली.” बाटलीला दर वर्षी चिंधी बांधली जातच होती.

एकोणसाठच्या मेमध्ये मसाला कुटतानाच तिला काविळीनं धरलं. डोळे हळदीसारखे झाले तरी उखळापाशी बसून सांगत होती, मिरच्या इतक्याच घाला. चिंधी तिनंच बांधली. त्यानंतर अंथरुणावरून उठली नाही. शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात फादर शेवटचं तेल लावायला आला. प्रार्थना झाल्यावर त्याची नजर फळीकडे गेली, आणि त्याचा हात पुढे झाला. भला विचार होता त्याचा, जाणाऱ्या बाईला संताचं तोंड दिसावं.

“फादर,” ती म्हणाली. आवाज उरला नव्हता, धार होती. “हात नको लावू.”

फादरनं हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शाळेत गेल्यावर, ती गेली.

दुपारी घर भरलं. बायकांनी फुलं आणली, मेणबत्त्या लावल्या, आणि फळी सजवताना कुणीतरी सांत आंतोनला समोर वळवून त्याच्या गळ्यात हार घातला. मी शाळेतून धावत आले तर तो हसतमुखानं खोलीकडे बघत उभा. कडेवरचं बाळही हसत होतं. खाली चटईवर फिलूबाय. माझं डोकं तापलं. मी माणसांतून वाट काढत गेले, त्याचा हार काढला आणि त्याला पुन्हा भिंतीकडे वळवला.

“बाई,” एक म्हातारी रागानं म्हणाली, “तुमचा देव नाय तो.”

“नाही माझा,” मी म्हटलं. “पण तिनं माफी दिलेली मी ऐकली नाही.”

मी पास्कूकडे पाहिलं, मग दारातल्या फादरकडे. फादरनं मान खाली घातली. पास्कू उठला, फळीपाशी आला, मूर्तीला हात लावून बघितला आणि ती आणखी जरा भिंतीला सरकवली, फिलूबायनं सरकवली होती तशी. मग आम्ही तिला देवळात घेऊन गेलो.