एक्केचाळीस सेंटीमीटर वाळू

हिल्डा मच्याडो अठरा वर्षं समुद्राच्या तळाचे नकाशे करत होती, आणि या अठरा वर्षांत ती एकदाही बोटीत बसली नव्हती. तिला स्वतःला यात हसण्यासारखं काहीच दिसत नसे. पोटाचा फोटो काढणारा माणूस काय पोटात शिरतो, असं ती विचारायची.

दोह्याजवळच्या लुसैलमधल्या एका टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावर, एसीच्या गारठ्याने खांद्यावर शाल ओढून, ती दोन स्क्रीनसमोर बसायची. समुद्रावरची मंडळी बोटीखालच्या यंत्रातून पाण्यात आवाज सोडायची. तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला, यावरून खोली कळायची. असे कोट्यवधी आकडे हिल्डाकडे यायचे आणि ती तांदूळ निवडावेत तसे ते निवडायची. माशांचा थवा, पंख्याचे बुडबुडे असले खडे काढून टाकले की उरायचा तो तळ. कतारच्या ईशान्येला कुठे जुनी बुडालेली होडी आहे, कुठे कुणाचा नांगर घासत गेलाय, हे तिला अल थुमामातल्या आपल्या गल्लीपेक्षा जास्त पाठ होतं.

ती मूळची वसईच्या पाचूबंदरची. बापाच्या दोन मच्छीमार होड्या होत्या, आणि तीन भाऊ त्या होड्यांवर. बापाने हिला मात्र लहानपणीच बजावलं होतं, "तू शिकायचं. होडीत पाय टाकलास तर तंगडं मोडीन." लग्न करून ऑस्वल्डबरोबर ती दोह्याला आली. ऑस्वल्ड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि ही या सर्व्हे कंपनीत रिपोर्ट टाईप करायला. तिथला नकाशे करणारा इजिप्शियन सुट्टीवर गेला. त्याच्या खुर्चीत तिला पंधरा दिवसांपुरतं बसवलं. तो परत आला नाही आणि हिल्डा त्या खुर्चीतून उठली नाही.

तर गोष्ट अशी झाली. एका कृत्रिम किनाऱ्यासाठी समुद्रातून वाळू उपसायची होती. उपसायच्या आधी तळाचा एक नकाशा आणि उपसल्यानंतर एक, असं काम कंपनीला मिळालं. आधीचा सर्व्हे फेब्रुवारीत झाला. मग ड्रेजर आला, तीन महिने घोंघावत वाळू ओढत राहिला आणि निघून गेला. सप्टेंबरात नंतरचा सर्व्हे झाला. हिल्डाने दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले, वजाबाकीचं बटण दाबलं आणि चहा आणायला गेली.

परत येऊन बघते तो काय! कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे ड्रेजरने समुद्रातून वाळू काढलीच नव्हती, उलट भरपूर आणून टाकली होती.

खड्डा जागेवर होता, पण जेवढा हवा तेवढा खोल नव्हता. आणि खड्ड्याच्या चारी बाजूंना, जिथे ड्रेजर फिरकलासुद्धा नव्हता, तो कित्येक पट मोठा तळ सरसकट चाळीस सेंटीमीटर वर आला होता. दुधावर साय यावी तसा एकसारखा.

हिल्डाने कपाळाला-छातीला हात लावून क्रॉस केला आणि पुन्हा बटण दाबलं. उत्तर तेच.

सर्व्हेचा प्रमुख प्रताप नाशिकचा. दणकट, दिलदार आणि कुठल्याही अडचणीवर दहा सेकंदांत उपाय सांगणारा. त्याने स्क्रीनवर नजर टाकली.

"हिल्डाताई, सगळीकडे चाळीसच ना? मग सरळ चाळीस वजा करून टाका. खलास."

"का वजा करू?"

"का म्हणजे? जास्त आहेत म्हणून!"

"ते जास्त का आहेत, ते सांग. मग करते."

"गुरुवारी तसनीमची मीटिंग आहे," प्रताप म्हणाला. तसनीम ही काम देणाऱ्या कंपनीची पर्यावरण-इंजिनीअर. हैदराबादची, मृदू आवाजाची. तिने हळूच एखादा प्रश्न विचारला की भलेभले पाणी पीत. "आज सोमवार. तिला काय सांगू, समुद्र फुगला?"

"तुझ्या बोटीवरच काहीतरी चुकलंय."

हे प्रतापला लागलं. "ताई, बोटीवर काय होतं ते खुर्चीत बसून नाही कळत. तुम्ही कधी समुद्रात पाय तरी बुडवलाय का?"

हिल्डाने शाल काढली, तिची नीट घडी केली आणि विचारलं, "उद्या बोट किती वाजता सुटते?"

घरी हे ऐकून ऑस्वल्डने आधी तिचा ताप पाहिला. मग उलटीच्या गोळ्या, आल्याच्या वड्या, जपमाळ, टोपी, सुके कपडे अशी पिशवी भरली, जणू बायको मस्कतपर्यंत निघाली होती. मुलगी सिमोना मोबाईलमधून मान वर काढून म्हणाली, "मम्मा, यू डोन्ट इव्हन गो नियर द पूल!"

"पूलमध्ये माझं काम नसतं," हिल्डा म्हणाली.

मंगळवारी सकाळी जेट्टीवर तिला अंगभर घालायची केशरी डांगरी देण्यात आली. ती इतकी मोठी होती की आत आणखी एक हिल्डा मावली असती. बाह्या चार वेळा दुमडून, वर लाइफ जॅकेट चढवून ती बोटीवर चढली तेव्हा फिलिपिनो कॅप्टनने तिला अदबीने सलाम केला. त्याला ती कुणी बडी तपासनीस वाटली.

पहिली उलटी जेट्टी दिसेनाशी व्हायच्या आत झाली. दुसरी ऑस्वल्डची गोळी घेतल्यावर, गोळीसकट. कॅप्टन काळजीने घड्याळ बघून प्रत्येक उलटीची वेळ वहीत लिहू लागला, तेव्हा मात्र ती ओरडली, "अरे, ये मत लिखो!" तिसरीनंतर पोटात काही उरलंच नाही. मग तिला इतकी कडकडून भूक लागली की तिने स्वतःचं सँडविच खाल्लं, प्रतापचंही खाल्लं आणि तोंड पुसून म्हणाली, "हं. आता यंत्र दाखव."

यंत्र ठीक होतं. प्रतापने एकेक करून सगळं तपासून दाखवलं, आणि त्यात तो खरोखर वाकबगार होता. पण हिल्डाचं समाधान होईना. शेवटी ती म्हणाली, "एक लांब मोजपट्टी आण. आणि एखादं जड लोखंड."

"कशाला?"

"माझा बाप दोरीला शिसं बांधून खोली बघायचा. त्याचं जाळं कधी खडकात फाटलं नाही."

प्रतापने कपाळाला हात लावला, पण मोजपट्टी आणली. बोट थांबवली. नशिबाने त्या दिवशी वारा पडलेला होता आणि समुद्र तव्यासारखा सपाट होता. हिल्डाने बाथरूममधला साबण आणून लोखंडाच्या बुडाला थापला. मग कठड्याला पोट टेकवून हळूहळू पट्टी सोडली. लोखंड तळाला टेकलं तेव्हा पट्टी एकदम सैल झाली, आणि तो झटका बोटांतून तिच्या खांद्यापर्यंत आला. अठरा वर्षं जो तळ तिने नुसता रंगांत पाहिला होता, तो आज हाताला लागला.

"किती?" प्रतापने विचारलं.

"अठरा मीटर वीस. तुझं यंत्र काय म्हणतंय?"

"अठरा पंचवीस."

लोखंड वर ओढलं तेव्हा साबणाला भुरी वाळू आणि शिंपल्यांचे बारीक तुकडे चिकटले होते. हिल्डाने ती वाळू चिमटीने काढून टिश्यूत बांधली आणि खिशात ठेवली.

"पाचाचाच फरक, चाळीसचा नाही. तुझं यंत्र खरं बोलतं, प्रताप," ती म्हणाली. "बोटीचं काही चुकलेलं नाही. मी उगाच बोलले."

प्रताप एवढा खूश झाला की तिने खाल्लेल्या सँडविचबद्दल त्याने तिला माफ करून टाकलं. पण लगेच त्याचा चेहरा पडला. "मग चाळीस आले कुठून?"

"भरतीतून," हिल्डा म्हणाली. भरतीला पाणी चढतं, ओहोटीला उतरतं, म्हणून जेट्टीवर एक यंत्र टांगलेलं असतं. पाणी किती चढलंय ते ते ऑफिसला कळवतं आणि हिल्डा तेवढं खोलीतून वजा करते. "ते यंत्र पाणी चाळीसने जास्त सांगत असेल, तर मी दर वेळी चाळीस जास्त वजा करणार. आणि तळ वर येणार. तू ते शेवटचं कधी पाहिलंस?"

प्रताप आकाशाकडे बघू लागला. "फेब्रुवारीत," तो म्हणाला. "त्याला कोण हात लावणार, ताई?"

हात लावणारा जेट्टीवर खुर्ची टाकून बसला होता. मोखलेस त्याचं नाव. चितगावचा, साठीचा, तिथला राखणदार. हिल्डाने विचारताच तो आनंदाने उठला. बरेच दिवस कुणी या विषयावर बोलेल अशी तो वाट बघत असावा.

"हाँ मॅडम, हमने नीचे किया! गर्मी में पानी उतरता था तो बेचारे का सिर बाहर आता था. इतना धूप! मशीन है, जल जाएगा. तो हमने थोड़ा नीचे करके बाँध दिया. देखो, कितना अच्छा बाँधा."

खरंच अप्रतिम बांधलं होतं. निळ्या नायलॉनच्या दोरीच्या आठ गाठी, एकाहून एक सरस. प्रतापच्या तोंडून शब्द फुटेना. फुटला तेव्हा तो चांगला नव्हता, म्हणून हिल्डाने त्याला चहा सांगायला पिटाळलं. मग तिने जेट्टीच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवरून पाणी वाचलं, यंत्राचा आकडा मोबाईलवर पाहिला आणि असं तासभर, दर दहा मिनिटांनी केलं. फरक प्रत्येक वेळी एक्केचाळीस.

"गलती हुआ?" मोखलेसने तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"थोड़ा," हिल्डा म्हणाली आणि तिला हसू आवरेना. ती इतकी हसली की डांगरीच्या दुमडलेल्या बाह्या सुटून बोटांवर आल्या. आधी मोखलेस घाबरला, मग तोही हसायला लागला, आणि चहा घेऊन आलेला प्रताप दोघांकडे बघतच राहिला.

गुरुवारी हिल्डाने तसनीमसमोर नवा नकाशा ठेवला. खड्डा हवा तेवढा खोल, आजूबाजूचा तळ जिथल्या तिथे. एक्केचाळीस सेंटीमीटर कुठून आले आणि कसे गेले, ते पान सगळ्यात वर लावलेलं. तसनीमने ते शांतपणे वाचलं आणि मृदू आवाजात विचारलं, "हे यंत्र हलवलं कुणी?"

प्रताप घोटभर पाणी प्यायला. हिल्डा म्हणाली, "जेट्टीच्या राखणदाराने. पण हात लावू नकोस असं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. तिथे पाटीसुद्धा नाही. चूक लिहायचीच असेल तर आमची लिहा."

तसनीमने थोडा विचार केला. "पाटी लावा," ती म्हणाली, आणि पुढच्या पानाकडे वळली.

पाटी इंग्रजीत आणि अरबीत तयार झाली. हिल्डाने ती परत पाठवली आणि खाली बंगालीत एक ओळ घालून घेतली. शिवाय, रोज सकाळी खांबावरच्या पट्टीचा फोटो काढून ऑफिसला पाठवायचं काम मोखलेसकडेच दिलं. तेव्हापासून रोज सहा वाजता हिल्डाचा फोन वाजतो. पाण्याच्या पातळीचा फोटो, त्यावर गुलाबाचं फूल आणि 'गुड मॉर्निंग मॅडम'. सुट्टीच्या शुक्रवारीही. ऑस्वल्ड उशी डोक्यावर ओढून विचारतो, "आज किती?" आणि हिल्डा डोळे न उघडता त्याला सांगते, "बघते, थांब."