पंधरा ते आठ

कळंब्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर यज्ञेश्वरांचं घर आहे, आणि त्या घरासमोर गाडी लावायची तर जरा विचार करून लावावी. पाटीवरच्या चार आकड्यांत काय दडलंय हे ऐकल्याशिवाय माणसाची सुटका होत नाही. चारही आकडे एकसारखे नसले म्हणजे झालं. ते उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं मांडा, मोठ्यातून लहान वजा करा आणि आलेल्या उत्तराशी पुन्हा तोच खेळ करा. स्कूटर असो की ट्रॅक्टर, फार तर सात वजाबाक्यांत सहा हजार एकशे चौऱ्याहत्तरावर येऊन थांबणार! शाहूपुरीतल्या विमा कचेरीत उभी हयात काढून निवृत्त झालेला हा माणूस. पण कचेरी सुटली तरी आकडे काही सुटले नाहीत.

दोन हजार पंचवीस साल उजाडलं तेव्हा तर त्यांना ताप चढायचाच बाकी राहिला होता. दूध घालायला आलेल्या कृष्णातला त्यांनी फाटकातच धरलं.

"वीस आणि पंचवीस किती?"

"पंचेचाळीस," कृष्णात म्हणाला.

"पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस? दोन हजार पंचवीस! सालाचे दोन तुकडे कर, बेरीज कर, वर्ग कर, की तेच साल परत. यानंतर असं साल थेट तीन हजार पंचवीस."

"तवर मी म्हशी राखू का कसं?" कृष्णातनं विचारलं, आणि किटली उचलून तो चालता झाला. राधानगरीकडचा गडी, तोंडावर बोलणारा. पण निदान ऐकून तरी घ्यायचा. घरात तेवढंही नव्हतं. पद्मजाबाईंनी सगळ्या संसारात नवऱ्याच्या एकाही आकड्याला "बरं, मग पुढं?" असं विचारलं नव्हतं. त्यांचं मन रांगोळीत. दिवाळीत त्यांच्या दारची रांगोळी बघायला गल्लीतल्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून यायच्या. आणि खरं सांगायचं तर यज्ञेश्वरांनीही ती रांगोळी कधी थांबून पाहिली नव्हती. तिला पाय लागू नये म्हणून कडेकडेनं जायचे, तेवढंच.

यंदा आषाढात पद्मजाबाई नळाजवळच्या शेवाळावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "चिमटीत काहीतरी धरत राहा. थंडीच्या आत बोटं चालली नाहीत तर कायमची आखडतील." पिळायला रबरी चेंडू दिला, तो देवळीत जाऊन बसला. बाई उजवा हात पदराखाली ठेवायला लागल्या. कुणी उठायला हात दिला तर डावा पुढे करायच्या. दारात रांगोळी नाही, आणि तिचं नावही काढायचं नाही. "वेडीवाकडी रेघ दारात कशाला मांडायची?" एवढं बोलून विषय बंद. यज्ञेश्वरांचा जीव तुटायचा. त्यांच्या सगळ्या आकड्यांत या दुखण्यावर एकही उतारा नव्हता.

दिवाळी तोंडावर आली तसे ते हट्टालाच पेटले. "ठिपके मी घालतो, तू नुसते जोड." दोन दिवस तेच पालुपद. शेवटी कान किटले तेव्हा पद्मजाबाई म्हणाल्या, "घाला जावा पंधरा ते आठ."

"म्हणजे?"

"मधल्या ओळीत पंधरा. वर एकेक कमी करत आठापर्यंत जायचं. खाली तसंच. एवढं पण ठाऊक नाही?"

ठाऊक नव्हतं. यज्ञेश्वर चहा घेता घेता बेरीज करायला लागले. मधले पंधरा. वरच्या बाजूला चौदापासून आठापर्यंत सत्त्याहत्तर, खाली तेवढेच. एकूण एकशे एकोणसत्तर. आणि कप हातातच राहिला. एकशे एकोणसत्तर म्हणजे तेराचा वर्ग! सहा कोनांची ही मांडणी मोडून तेरा बाय तेराचा काटेकोर चौकोन होत होता. सगळ्याच मांडण्यांचं असं होतं काय? सात ते चार मांडून बघितली, सदतीस. नऊ ते पाच, एकसष्ट. तेरा ते सात, एकशे सत्तावीस. एकाचाही चौकोन होईना. सतरा ते नऊ, तरी नाही. तो दिवस आणि दुसरा दिवस त्यांनी पुढचा आकडा हुडकण्यात घालवला. जेवायला चार हाका माराव्या लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठिपके मांडले. रांगोळीचा ठिपका त्यांच्या हातून बुंदीएवढा पडत होता, म्हणून सारीपाटासाठी जपलेले चिंचोके घेतले. आणि इथं हा शहाणा माणूस चुकला. संख्या तीच, मग चौकोनच का मांडू नये? शहाबादी फरशीच्या कडेनं ओळी सरळ येतात. व्हरांड्यात तेरा बाय तेरा मांडून त्यांनी मोठ्या ऐटीत बायकोला हाक मारली.

पद्मजाबाई आल्या आणि बघतच राहिल्या. "हे काय ओ?"

"पंधरा ते आठ! मोजून घे. एकशे एकोणसत्तर."

"मोजायचंय काय त्यात? माझं कमळ सहा पाकळ्यांचं. दोन ठिपक्यांच्या मधे वरचा ठिपका बसावा लागतो, तेव्हा प्रत्येकाला सहा शेजारी मिळतात. तुमच्या इथं आहेत चार. पाकळी वळवू कुठं?"

यज्ञेश्वरांनी आपल्या चौकोनाकडे पाहिलं. सहा शेजारी! इतकी वर्षं हे रोज दारात होतं आणि आपण कडेकडेनं गेलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. "पण चिंचोके तेवढेच लागतील," ते हळूच म्हणाले. "एकही उरायचा नाही."

"काहीतरीच." बाई पाट ओढून बसल्या. "दाखवते."

डाव्या हातानं त्यांनी मधली ओळ लावायला घेतली. पण डाव्याला सवय नाही. एक ठेवायला जावं तर शेजारचे दोन सरकायचे. चिडून त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला. पहिला चिंचोका निसटला, दुसरा घरंगळत गेला. तिसरा बसला.

यज्ञेश्वरांनी ते पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. एवढं कष्टाचं काम त्यांनी जन्मात केलं नसेल.

वरच्या ओळी झाल्या. खालच्या निम्म्या झाल्या. चौकोन विस्कटत चालला, फूल भरत चाललं. तेवढ्यात किटली घेऊन कृष्णात आला. काय चाललंय ते त्यानं विचारून घेतलं आणि कोपऱ्यात उरलेल्या चिंचोक्यांकडे बघून म्हणाला, "काका, एक तरी उरतोय बघा. आन् काकू, उजवा हात झ्याक चालाय लागलाय की तुमचा!"

पद्मजाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी बोटांकडे पाहिलं. हात हळूहळू मागे, पदराकडे जायला लागला. यज्ञेश्वरांना वाटलं, त्या किटलीसकट कृष्णातला उचलून तलावात टाकावं.

पण पद्मजाबाईंची नजर चिंचोक्यांवरच होती. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या.

"खरंच उरत नाही?" त्यांनी विचारलं.

"बघ की तूच."

हात परत पुढे आला. एक ओळ झाली. शेवटच्या ओळीत चिंचोके दोनदा निसटले, दोन्ही वेळा त्यांनी ते पुन्हा उचलले. कृष्णात दूध विसरून उकिडवा बसला होता. आठवा चिंचोका जागेवर बसला. चौकोनाची जागा रिकामी. उरलेला नाही, कमी पडलेला नाही.

"च्यायला!" कृष्णात म्हणाला.

पद्मजाबाईंनी त्या फुलावरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "असा पुढचा आकडा कुठला ओ?"

दोन दिवस हुडकलेला आकडा यज्ञेश्वरांच्या ओठांवरच होता. "बत्तीस हजार सातशे एकसष्ट," ते म्हणाले. "मधल्या ओळीत दोनशे नऊ ठिपके."

"मग चिंचा लागतील पुष्कळ." त्या पाटावरून सरकल्या आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. "बघत काय बसलाय? उठवा मला."

यज्ञेश्वरांनी हात धरला. बाईंनी बोटं मिटली आणि त्यांच्या हाताला सगळा भार देऊन उठल्या.