पळणाऱ्या माणसाला विचारायचा प्रश्न

आमच्याकडे मोठं माणूस रस्त्यानं पळताना दिसलं की त्याचा एकच अर्थ होतो. कुणीतरी गेलं, नाहीतर जायच्या वाटेवर आहे. पोरं पळतात ती खेळतात म्हणून, भरतीची तयारी करणारी मुलं पळतात ती नोकरीसाठी. पण चाळिशी उलटलेली बाई पळायला लागली की बघणाऱ्याला राहवत नाही. मोटारसायकलवाला थांबतो, शेतातला माणूस हातातलं खुरपं टाकून बांधावर येतो आणि विचारतो, काय झालं, कोण गेलं? या प्रश्नाला मी आधी फार हसले, मग फार चिडले. नुसती हसून गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

मी जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करते. दिवसभर खुर्ची. डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून चालायला लावलं. एका सकाळी मैदानावर माझ्यापुढं चार बायका रस्ता अडवून सुनांची गाऱ्हाणी करत चालल्या होत्या. त्यांचा कंटाळा येऊन मी पळतच त्यांना ओलांडलं. माझ्या पळण्याची सुरुवात ही अशी, रागातून. पुढच्या वळणावर मी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होते आणि त्याच बायकांनी मला ओलांडलं. एकीनं तर पाण्याची बाटलीही पुढं केली. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पळाले, आणि थंडी पडेपर्यंत न थांबता पळता येऊ लागलं.

तसं बघितलं तर आमच्या घरात पळणारी मी नव्हेच. ती माझी अक्का. लहानपणी आम्ही दोघी एसटीनं भोकरदनला शाळेत जायचो. वेणी, रिबीन, डबा यांत माझा रोज उशीर व्हायचा. लांबून एसटीचा आवाज आला की अक्का दप्तर छातीशी धरून सुसाट सुटायची. एक पाय गाडीच्या पायरीवर, एक खाली जमिनीवर, अशी उभी राहायची. कंडक्टर तिच्यावर ओरडत असायचा आणि ती मला हात करत असायची. मी मागून डुलत डुलत यायचे. माझ्यावाचून तिनं गाडी सुटू दिली, असं एकदाही झालं नाही. पुढं दहावी झाली, लग्न झालं, तीर्थपुरीच्या बाजूला एका खेड्यात तिला दिली, आणि तिथं तिला कुणी पळताना बघितलं नाही. आता कोणती गाडी धरायची राह्यलीय, असं ती म्हणायची. मला ते ऐकवत नसे.

दिवाळीला मी तिच्याकडे गेले ती बूट घेऊनच. सकाळी गावातून पळायला निघाले, तर फाट्यापर्यंत तिघांनी थांबवून कोण गेलं म्हणून विचारलं. कुणी नाही म्हटलं तरी एकानं गाडीवर बसायचा हट्ट धरला. बाईला धक्का बसलाय, सांगवत नाही, असं त्याला वाटलं असावं. घरी येऊन सांगितल्यावर अक्का पदर तोंडाला लावून हसत बसली. पण दुसऱ्या दिवशी मी उठले तर ती दारात तयार. अंगात माझ्या भाच्याची ट्रॅक पँट, वर जुना कुर्ता, पायात त्याचेच बूट. बघू तरी पाय ऐकतेत का, म्हणाली. पाय ऐकले. फाटा ओलांडून तिच्या मळ्याच्या वळणावर आलो तेव्हा ती माझ्या पुढं निघून गेली होती. अक्काची पळती पाठ मला कितीतरी वर्षांनी दिसली, आणि माझे डोळे भरून आले.

जानेवारीत जालन्यात दहा किलोमीटरची शर्यत होती. मी दोघींची नावं दिली. अक्काचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणायचे, ते सुरुवातीला नाराज होते. सुनेनं डांबरी रस्त्यानं पळायचं म्हणजे लोकांच्या तोंडाला कुठं हात लावणार, हे त्यांचं म्हणणं. मग त्यांनाच गोडी लागली. मोसंबीच्या बागेला पाणी द्यायला ते पहाटेच मळ्यात जायचे. अक्का गावातून पळत तिथंवर यायची तेव्हा ते बांधावर काठी टेकून उभे असायचे. ती पोचली की आज सुस्त होतीस, किंवा आज बराबर आलीस, एवढंच बोलायचे आणि पुन्हा पाण्याकडं वळायचे. शर्यत बघायला आपण येणार, असं त्यांनी परस्पर दाजींना सांगून टाकलं होतं. त्या दिवसासाठी धुतलेलं धोतरही वेगळं काढून ठेवलं होतं.

अडचण एकच होती. लोक विचारायचे थांबेनात. रोज कुणी ना कुणी अक्काला गाडी आडवी घालायचा, आणि तीही भली, प्रत्येकाला समजावत उभी राहायची. एका रविवारी मी गेले होते तेव्हा हे माझ्यासमोर घडलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. तशीच फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात शिरले. सकाळची सगळी गिऱ्हाइकं बसलेली होती.

"बाई पळाली म्हणजे कुणी मेलंच पाहिजे का?" मी म्हणाले. "माझी बहीण शर्यतीची तयारी करून राह्यली. आजपासून तिला कुणी थांबवायचं न्हाई. दिसली तर हात वर करा आन् आपल्या वाटेनं निघा."

माणसं हसली, पण कौतुकानं हसली. हॉटेलवाल्यानं मला चहा पाजला. आणि गाव शब्दाला पक्कं निघालं. दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकलवाले हात वर करून जाऊ लागले, दुधाची गाडी हॉर्न देऊ लागली. अक्काही हात वर करायची. आता मधे कुणी येत न्हाई, असं ती मला फोनवर हरखून सांगायची. मी माझ्या चहाच्या हॉटेलातल्या पराक्रमाची गोष्ट ऑफिसात दोनदा सांगितली.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात अक्का एका सकाळी मळ्यात पोचली, तर आबा बांधावर नव्हते. बागेत एका झाडाच्या आळ्यापाशी पडलेले होते आणि पाणी त्यांच्या धोतराखालून वाहत होतं. श्वास होता, बोलणं गेलं होतं. जवळ दुसरं कुणी नव्हतं. आबा फोन वापरत नव्हते आणि अक्काचा फोन घरी होता. पळताना फोन घ्यायचा नाही, हातात ओझं होतं, हेही मीच तिला शिकवलेलं. ती आल्या पावली रस्त्याला लागली आणि गावाकडं पळाली.

समोरून मफलर गुंडाळलेला एक मोटारसायकलवाला आला. अक्कानं दोन्ही हात वर केले. त्यानंही हात वर केला, हसला आणि तिच्या बाजूनं निघून गेला. मागून दुधाची गाडी आली. अक्का ओरडली, पण पळून पळून आवाज उरला नव्हता. गाडीनं हॉर्न दिला. फाट्यावरची माणसं तिला लांबून दिसली तेव्हा ती सगळी हॉटेलाबाहेर उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्यांच्यात जाऊन ती खाली बसली, मातीत दोन्ही हात आपटले, तेव्हा टाळ्या थांबल्या.

मग सगळे धावले. जीप आली, दाजी आले. दवाखान्यात नेताना आबा अंबडच्या अलीकडंच गेले. आधी आणलं असतं तर वाचले असते का, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनाच ते असं म्हणत असतील. मातीला तो मोटारसायकलवाला आला होता. तो अक्कासमोर हात जोडून रडला आणि अक्कानंच त्याला पाणी दिलं. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, हॉटेलवालाही नाही. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

अक्काला सुतक होतं. शर्यतीला मीही जाणार नाही, असं मी तिला म्हणाले.

"तू पळ," ती म्हणाली. "मी आता न्हाई पळणार, कधीच न्हाई. पण तू जा. आबांनी धोतर काढून ठेवल्तं, कुणीतरी पळाया पाहिजे."

म्हणून मी गेले. त्या सकाळची शर्यत मला नीट आठवत नाही. भोवती गर्दी होती, ढोल होता, मग गर्दी पुढं निघून गेली आणि मी मागं राहिले. पाणी देणारी पोरं टेबलं आवरत होती. छातीवरचा नंबराचा कागद घामानं फाटून कुठंतरी पडला होता. आता बघणाऱ्याला मी नुसती रस्त्यानं पळणारी एक बाई होते. मेथीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेली एक म्हातारी समोरून आली, मला बघून थबकली आणि तिचा चेहराच उतरला.

"काय झालं गं बाई? कोण गेलं?"

इतक्या महिन्यांत या प्रश्नाला मी सरळ उत्तर कधी दिलं नव्हतं. मी थांबले.

"माझ्या बहिणीचे सासरे," मी म्हणाले.

तिनं पाटी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिचा हात ओला होता, मेथीवर शिंपडलेल्या पाण्यानं.

"मंग थांबलीस कशाला?" ती म्हणाली. "जल्दी जा माय. तुझी वाट बघून राह्यले असतील."

मी पळाले. शेवटच्या रेषेपाशी पोचले तेव्हा मंडप सोडायला घेतला होता, आणि वाट बघणारं तिथं कुणी नव्हतं.